जिचं घर पुन्हा बसतं अशी कादंबरी

“अरे मेल्या, तुह्या कपाटातल्या एका तरी बाईचं घर पुन्हा बसतं का न्हाई?”

काकू वाचनालयाच्या दारातूनच ओरडत आल्या. बाहेर जवळा बाजारचा आठवडी बाजार भरला होता. त्या आवाजानं तिकडं लांब औंढ्याच्या देवळावरची कबुतरंसुद्धा उडाली असणार. हातातली कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावर अशी आपटली, की टेबलाचा एक पाय तेव्हापासून आखूड आहे.

तक्रार अशी, की सात कादंबऱ्या झाल्या. दर वेळी नवरा मरतो, बाई रडून रडून अर्धी होते, मग एक भला माणूस येतो आणि शेवटच्या पानावर बाई त्याला हात जोडून परत पाठवते नि शाळेत शिकवायला लागते. सातच्या सात जणी मास्तरीण. एवढ्या शाळा आहेत तरी कुठं, असा काकूंचा सवाल.

मी चाट पडलो. वाचनालय मीच चालवतो. दुःखानंतरच्या प्रेमाचं हे कपाट मी हौसेनं भरलेलं, आणि लाज सोडून सांगतो, एकेक पुस्तक तीनतीनदा वाचलेलं. त्यांत पहिल्या दहा पानांत इतके नवरे मरतात, की कपाट बंद केल्यावर आंघोळ करावी वाटते. पण शेवटी लग्न होतंच. न होणारी एकसुद्धा नाही. मग काकूंच्या सात जणी आल्या कुठून?

काकूंना वाचता येत नाही. दुपारी सून वाचून दाखवायची. तीन वर्षांपूर्वी काकूंचा एकुलता एक मुलगा औंढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलसकट ट्रकखाली गेला. नंतर कितीतरी दिवस मोटारसायकलचा आवाज आला की सून असेल तिथं मटकन खाली बसायची. यात मी काडीचंही वाढवून सांगत नाही.

आणि आता शिरड शहापूरहून तिला मागणी आली होती. माणूस बिजवर, पदरात एक लहान मुलगी, स्वभावानं गरीब. दसऱ्याच्या आधी निरोप आला, दिवाळी होऊन गेली, तरी सून हो म्हणेना की नाही म्हणेना. काकूही तो विषय घरात काढत नसत. त्या फक्त माझ्याकडून पुस्तकं नेत.

माझ्या पोटात कुतूहल असं उड्या मारायला लागलं, की जेवण जाईना. म्हणजे चारच भाकरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी कादंबरी घेऊन मी त्यांच्या ओसरीवर हजर. म्हटलं, आज मीपण ऐकतो.

काकू तुरीची डाळ निवडत होत्या. कादंबरी लहानशी होती, तरी शेवटाला येईस्तोवर ऊन भिंतीवर चढलं. सून फार गोड वाचते. मी मात्र मागं टेकल्याचं सोंग करून तिच्या खांद्यावरून पानात बघत होतो. शेवटचं पान आलं आणि तिचे डोळे ओळीवर राहिले, तोंड भलतीकडेच गेलं. छापलेली बाई त्या माणसाचा हात धरून त्याच्या शेतात चालली होती. वाचलेली बाई बसमध्ये बसून शाळेच्या गावाला निघाली होती.

“वहिनी, द्या इकडं, घसा बसला असंल,” असं म्हणून मी पुस्तक घेतलं आणि छापलेलं होतं ते वाचलं. जन्मात पहिल्यांदा पदरचा एक शब्द घातला नाही.

काकूंचे हात सुपातच थांबले. सून पदराचा काठ चाळवत राहिली. मग ती म्हणाली,

“आत्याबाई, छापलंय तसं वाचलं असतं तं तुमाला वाटलं असतं, माह्या मनात बी तेच हाय.”

“हाय का?”

सून अगदी हळू म्हणाली, “मी गेले तर तुमाला वाचून कोण दाखवंल?”

काकूंनी डाळीतला खडा काढून अंगणात टाकला.

“ह्यो वाचंल. रिकामाच असतो.”