मामाच्या आधीचा घास

नेवाशाच्या एसटी स्टँडवर दादाने माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून पाच महिन्यांच्या अरुणच्या गालाला हळूच बोट लावलं. बाळंतपण उरकून मी माहेराहून भिंगारला निघाले होते. नवऱ्याला तिथल्या लष्करी डेपोत कारकुनाची नोकरी लागली होती, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. आईने पदराने डोळे पुसत मला बजावलं, "भाऊ येईस्तवर पोराला दुधाबिगर काय बी दिऊ नगं. पयला घास मामाचा. त्यो त्याचा मान हाय." दादा म्हणाला, "म्हैन्याभरात आलोच बग."

माहेर सोडून गेलेल्या पोरींनो, आणि मागे राहिलेल्या माणसांनो, तो महिना किती लांबतो ते मला त्या वर्षी कळलं. दुष्काळाचं साल. दादा बैलं घेऊन चारा-छावणीत अडकलेला. मुकी जनावरं टाकून येणार कसा? नुसती पोस्टकार्डं यायची, येतो, येतोच. इकडे माझं दूध आटलं. बाजारातल्या पातळ दुधावर अरुण आठव्या महिन्यात आला. आम्ही जेवायला बसलो की तो ताटाकडे असा टक लावून बघायचा की मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची. नवरा म्हणायचा, "दे की जरा भात." मी फणकारायची, "आन् दादाला काय तोंड दाखवू?" तेव्हा मी अशी होते. देह भिंगारात, पण हुकूम नेवाशाचा.

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनी अरुणला वजनकाट्यात ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पोराच्या फासळ्या मोजता येत होत्या. मामाची हकिगत ऐकून त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. "मामाचा मान मामाला देशील गं," त्या म्हणाल्या, "पण पोर आज भुकेलंय." मग त्यांनी सांगितलं. तांदूळ नि मुगाची डाळ भाजून मऊ गुरगुट्या भात शिजवायचा, चिमूटभर हळद, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तुपात विरघळलेला हिंगाचा कण. मिरचीचं नाव नको. आणि चमचा उकळून घ्यायचा, बोट तोंडात घालायचं नाही.

घरी येऊन स्टोव्ह पेटवला. पहिल्या चमच्याला अरुणने नाक मुरडलं. दुसऱ्याला थबकला. तिसऱ्याला तोंड उघडून वाट बघत बसला. वाटी चाटूनपुसून संपली तेव्हा मी रडलेही आणि हसलेही. दुसऱ्या दिवशी रडले नाही. महिन्याभरात त्याने बाळसं धरलं आणि मला तोरा चढला. जिरं किती भाजायचं, हिंग कुठे थांबवायचा, हे मी शेजारणींना शिकवायला लागले. दादाला मात्र यातलं अक्षर लिहिलं नाही.

दीड महिन्याने दादा आला. बैलांची सोय लावून, नवं झबलं आणि आईने दिलेली सोन्याची अंगठी घेऊन. मी जायफळ घालून खीर केली. दादा पाटावर बसला, अरुण त्याच्या मांडीवर. अंगठी खिरीत बुडवून दादाने त्याच्या जिभेला टेकवली. अरुणने खीर फुर्रकन बाहेर टाकली आणि स्टोव्हकडे, आपल्या मऊ भाताच्या वासाकडे, हात पसरून भोकाड पसरलं. दादा शेतकरी माणूस. वासरू चारा खायला लागलं की नाही, हे त्याला सांगावं लागत नाही.

"ह्यो जेवतोय," तो म्हणाला. "कवापास्नं?"

"दीड म्हैना झाला."

त्याने अंगठी पुसली. मग म्हणाला, "मला वाटलं, तुज्या घरात एवढं तरी माज्यासाठी ऱ्हायलं आसंल."

तरी माफी मागितली नाही. "दादा, पोर भुकेलं हुतं. पुन्यांदा येळ आली तरी मी भरवीनच," म्हटलं आणि भाताची वाटी त्याच्यापुढे सरकवली. चमचा दिला, तो त्याने बाजूला ठेवला. बोटावर भात घेऊन अरुणच्या तोंडात घातला आणि एकदम ओरडला, "आरं तिच्या, चावला की!"

मग पुन्हा हिरडीवरून बोट फिरवलं. "दात हाय ह्याला! तू बगितला न्हाईस?"

नव्हता पाहिला. रोज घाईघाईने चमचा तोंडात रिकामा करायची मी, हिरडीला कधी बोट लावलंच नव्हतं. तांदळाच्या कणीएवढा तो दात दादाने मला खिडकीच्या उजेडात नेऊन दाखवला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "पयला दात मामाला घावला. सांग तुज्या सिस्टरला!" एका दिवसासाठी आलेला माणूस चार दिवस राहिला, आणि चारही दिवस मला वाटीला हात लावू दिला नाही.

आता मी सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहते आणि अरुणची मुलगी कॅनडात. परवा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "आजी, बाळाला सहा महिने झाले, पण माझ्या दादाचा व्हिसा आला नाही अजून. उष्टावणाला थांबू का गं?"

"एक दिवससुद्धा थांबू नकोस. जिरं भाज आणि भरव."

"मग मामाचं काय?"

"उशिरा येऊ दे. उशिरा आलेल्यासाठीही जिथे काहीतरी पहिलं राहिलेलं असतं, त्याला मी घर म्हणते, मग ते नेवाशाला असो, नाहीतर तुझ्या त्या बर्फात. तो आला की तू फक्त चमचा लपवून ठेव."