समईचे तेल आणि पुढचा ब्रेक

आयुष्यभर शाळेत मी इतरांच्या निबंधांतील चुका तांबड्या शाईने दाखवल्या. स्वतः मात्र कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता साठीला टेकल्यावर, तेही मोटारसायकलच्या ब्रेकच्या निमित्ताने, देवाविषयी लिहू पाहणे हा आगाऊपणा आहे. वाचकांनी क्षमा करावी.

यजमान गेल्यानंतर त्यांची जुनी मोटारसायकल दोन वर्षे पडवीत उभी होती. शेळगावहून दर गुरुवारी इंदापूरला दत्तदर्शनाला जायचे, तर दिरांना सवड आहे का, हे मला आधी विचारावे लागे. त्यांना सवड नसली की माझा गुरुवार चुके. देवाकडे जाण्यासाठीही कुणाची सोय पाहावी, हे मला सोसेना. शेताच्या रस्त्यावर पडत धडपडत मी गाडी शिकले. पुढचा ब्रेक तेवढा गंजून आखडला होता, दाबला तरी लागत नव्हता.

"वहिनी, रविवारी भंगारवाला येतोय, गाडी दिऊन टाकू," दीर म्हणाले. "तुमचं वय आता माळ ओढायचं हाय."

"माळ एका हाताने ओढता येते, भावजी."

"गाडीला दोन हात लागत्यात."

"मग माळ घरी ठेवीन."

हे मीच बोलले, यावर माझा विश्वास बसेना. रविवारपर्यंत ब्रेक दुरुस्त झाला नाही तर गाडी जाईल, झाला तर हा विषय पुन्हा निघणार नाही, असे ठरले.

बारामतीहून नव्या रबरी सील मागवल्या. चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर सोडवला, त्यातला पिस्टन बाहेर काढला आणि सील बसते त्या खाचेतला गंज तीन दुपारी दातांच्या जुन्या ब्रशने घासला. आमच्या घराची एक रीत आहे. शिलाई यंत्र असो की विहिरीवरची मोटार, नव्या वस्तूला देवापुढच्या समईतील तेलाचे बोट लावल्याशिवाय ती चालवायची नाही. मी तर त्या सील रात्रभर तेलात बुडवूनच ठेवल्या. सगळे जोडल्यावर ब्रेक सुरेख लागला. त्या आनंदात देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी दत्तगुरूंना बजावले, "आता माझी मी येईन. अडवायचे असेल तर तुम्हीच अडवा."

गुरुवारी निघाले. निम्म्या वाटेवर पुढचे चाक जड होऊ लागले, जळका वास आला आणि कालव्याच्या उताराच्या अलीकडे गाडी थांबलीच. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग उतरत होती. मी भर उन्हात मनातल्या मनात देवाशी भांडले. मागे फिरणार नाही, हेही सांगितले.

तेवढ्यात मोपेडवरून एक वृद्ध चाचा आले. पूर्वी बसगाड्यांच्या डेपोत ब्रेकच्या कामावर होते, असे त्यांनीच सांगितले. कॅलिपरला बोट लावून त्यांनी वास घेतला.

"कुणी खोलला हुता?"

"मी."

"आन त्याल कुठलं लावलं?"

"समईतले. शेंगदाण्याचे."

चाचा गालातल्या गालात हसले. "देवाला चालतंय, ह्या रबराला न्हाय चालत. फुगलंय ते, म्हणून पिस्टन मागं सरंना. हितंच थांबलात ते बरं. उतारावर चाक धरलं असतं तर ट्रॉलीखाली गेला असता."

"म्हणजे गाडी विकावी लागेल?"

"विकायची कशाला? रबर बदला. साफसफाई मात्र झ्याक केलीय तुमी."

सेवानिवृत्तीच्या समारंभातही माझे असे कौतुक झाले नव्हते. त्यांनी कॅलिपरचा छोटा स्क्रू ढिला करून दाब सोडला, चाक मोकळे केले आणि मागच्या ब्रेकवर सावकाश चालवायला सांगून इंदापूरपर्यंत माझ्या मागे आले. स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पायरीवर मी सगळे पुन्हा खोलले. नव्या सील या वेळी फक्त ब्रेक ऑइलने ओल्या केल्या. चाचांनी स्वतःचे हात पाठीमागे बांधून ठेवले होते. "माझा हात लागला तर पुढच्या येळी मलाच हुडकत बसाल," ते म्हणाले. ब्रेकमधली हवा काढून झाली, लिव्हर घट्ट लागला, तसे ते नमाजाला निघून गेले. नाव विचारायचे राहून गेले. दुकानदार म्हणाला, "ते व्हय? रोज हितनंच जात्यात."

म्हणजे चमत्कार असा काही नाही. पण मी अडवायला सांगितले होते आणि मला नेमके उताराच्या अलीकडे अडवले गेले, एवढे मी जाणते. शरण जाणे म्हणजे हात जोडून बाजूला बसणे, असे मला सर्वांनी शिकवले. ते मी आता मानत नाही. समईचे तेल लावून मी माझे काम देवावर ढकलत होते. काम नीट शिकावे, चूक दाखवणाऱ्यापुढे मान लववावी आणि मग निर्भयपणे गाडीची मूठ पिळावी, एवढेच शरण जाणे मला जमते. त्या चाचांची आणि त्यांना त्या वाटेने धाडणाऱ्याची मी ऋणी आहे.

रविवारी दिरांनी गाडी अंगणात फिरवून ब्रेक दाबला. "धरतोय की," एवढेच म्हणाले आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले.

येत्या गुरुवारीही मी इंदापूरला जाणार आहे. मागची सीट रिकामी आहे. आपण येता का?