सभासद क्रमांक चारशे बारा

चारशे बारा नंबरच्या माणसावर मी आठ वर्षं जळलो. त्याला पाहिलं नव्हतं, त्याचं नाव माहीत नव्हतं, तरी जळलो. आता त्याच्याबद्दल लिहायला बसलोय तर हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्र्यंबक करंदीकरांनी लपवलं असं कोणी म्हणायला नको.

आम्ही डोंबिवली पूर्वेचे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि नीला, म्हणजे माझी बायको, शाळेतून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विठ्ठलचं वाचनालय आहे, आणि तिथे इन्स्पेक्टर हरिहरच्या खुनांच्या कादंबऱ्यांची एक अख्खी फळी आहे. एकाच लेखकाच्या सव्वीस कादंबऱ्या, नायक तोच, फक्त मरणारा दर वेळी वेगळा. विठ्ठलने त्यावर एक टूम काढली होती. शेवटच्या प्रकरणाआधी तो एक कोरा कागद चिकटवायचा. वाचणाऱ्याने तिथे थांबायचं, खुनी कोण ते कागदावर लिहायचं, खाली आपला सभासद क्रमांक टाकायचा आणि मगच पान उलटायचं. सगळा मामला प्रामाणिकपणावर. वर्षात ज्याचे अंदाज जास्त बरोबर येतील त्याला दिवाळी अंक सगळ्यांच्या आधी घरी न्यायला मिळायचे.

आमचा क्रमांक सत्त्याऐंशी. कार्ड माझ्या नावावर, कारण एक्क्याण्णव साली फॉर्म मी भरला. वाचायची मात्र नीला. मी आयुष्यात वर्तमानपत्र आणि परिपत्रकं सोडून काही वाचलेलं नाही.

रोज जेवताना मला ऐकावं लागायचं. "अहो, चारशे बाराने या वेळी मेहुण्याचं नाव लिहिलंय. आणि पुढे लिहिलंय, तो चपला कुठे काढतो ते बघा. माझ्या लक्षातच आलं नव्हतं हो." मी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की ती नुसतं "हं" म्हणायची. चारशे बाराचा विषय निघाला की भात गार होईस्तोवर बोलायची. त्याचा अंदाज चुकला की हिला त्याचं वाईट वाटायचं. त्याचा बरोबर आणि हिचा चूक आला, तरी चेहरा खुललेलाच. अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीवर ती इतकी खुलली होती, मला आठवत नाही. एकदा म्हटलंही, "जा की मग त्याच्याकडेच राहायला." तर म्हणाली, "पत्ता कुठे माहितीये?"

मग गेल्या पावसाळ्यात सत्ताविसावी कादंबरी आली. दीड वर्षाने आली म्हणून वाचनालयात नंबर लागले होते. आणि पुस्तक निघालं अगदी टाकाऊ. सव्वीस पुस्तकं डाव्या पायाने लंगडणारा हरिहर यात उजव्या पायाने लंगडत होता. चौदाव्या पुस्तकात वारलेली त्याची बायको इथे त्याला चहा करून देत होती. आणि खुनी कोण, तर मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ, जो शेवटून दुसऱ्या पानावर दुबईहून उतरतो. आता सांगा, त्याचं नाव कोण कसं लिहिणार? लोक इतके चिडले की शेवट वाचून झाल्यावर परत अंदाजाच्या कागदावर येऊन लिहायला लागले. "आम्ही काय दुधखुळे आहोत?" "लेखक कोणी दुसराच आहे, त्याचीच चौकशी करा." विठ्ठलला दुसरा कागद डकवावा लागला. नीलाने लिहिलं होतं, "फसवलं." तिच्या खाली चारशे बारा: "हरिहर माझ्यापुरता संपला. आता पुरे." आणि त्याने कार्डही परत पाठवलं.

मी त्या दिवशी श्रीखंड आणलं. खोटं कशाला बोलू?

मला वाटलेलं, तो गेला, आता ही माझ्याशी बोलेल. पण ती कोणाशीच बोलेना. आमचं कार्ड रॅकवर पडून राहिलं. जेवताना घरात फक्त ताटवाट्यांचा आवाज. मी मुद्दाम आमटी अळणी आहे म्हणालो, तर तिने उठून मीठ आणून ठेवलं आणि खाली मान घालून जेवली. दिवाळी झाली तरी तेच. तेव्हा मी ठरवलं की या माणसाचं तोंड एकदा बघायचंच. असं काय सोनं लागलंय त्याला?

विठ्ठलकडे निमित्त तयार होतं. यंदा पहिल्यांदाच मान चारशे बाराचा होता, सत्त्याऐंशी दुसरा, आणि अंक न्यायला कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, दे, मी पोचवतो. त्याने रजिस्टरमधून पत्ता काढून दिला. चांगदेव भालेराव, कळवा. एका बुधवारी नीलाला सांगितलं की पेन्शनच्या कामाला ठाण्याला जातो, आणि स्कूटर काढली. शीळफाट्यावर पाऊण तास ट्रकच्या मागे धूर खात उभा होतो. मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावत होतो.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि खिडकीशी खुर्चीत एक सत्तरीचा काटक माणूस. त्याने माझ्या दिशेने मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मधुमेहाने त्याचे डोळे नेले होते. समोरचं माणूस त्याला नुसतं धुरकट दिसायचं.

"कोण?"

"डोंबिवलीहून आलो. विठ्ठलच्या वाचनालयातून. सभासद आहे."

"नंबर काय?"

"सत्त्याऐंशी," मी म्हणालो. रजिस्टरात तेच आहे.

तो उठला. चाचपत पुढे आला, माझा हात धरला आणि सोडेचना. "आठ वर्षं तुमच्या मागे धावतोय मी," म्हणाला. "त्या चपलांवरून मी तुम्हाला एकदाच गाठलेलं. काय डोकं आहे हो तुमचं."

तिथेच सांगायला हवं होतं की डोकं बायकोचं आहे. नाही सांगितलं. माझा हात असा कोणी कधी धरला नव्हता. बसलो, चहा घेतला, आणि आठ वर्षं जेवताना कानावर पडलेलं सगळं कामी आलं. मेहुणा, चपला, विषाची बाटली, मी फाडफाड बोलत होतो. शेवट तेवढे आठवत नव्हते, कारण शेवटापर्यंत नीला पोचायची तेव्हा मी हात धुवायला उठलेला असायचो.

चांगदेवराव कळव्याच्या कारशेडमध्ये फिटर होते, पस्तीस वर्षं. "बिघाड आवाज करतो तिथे कधी नसतो," म्हणाले. "सायबांची पोरं आवाजाच्या मागे जायची. मी गप उभा राहून बाकीचं ऐकायचो. खुनी पण तसाच शोधायचा." बायको लवकर गेली. मुलगी माया, तिला त्यांनी एकट्याने वाढवलं, संध्याकाळी विहारात पोरांचा अभ्यासही घ्यायचे. डोळे गेल्यावर माया रोज रात्री वाचून दाखवायची आणि कागदावर त्यांचा अंदाज लिहायची. ती डोंबिवलीत कामाला होती, येताजाता पुस्तक बदलायची.

"मग एका वाईट पुस्तकासाठी कार्ड कशाला परत केलंत?" मी विचारलं.

ते थोडे हसले. "वाईट तर होतंच. पण वाईट पुस्तकं मी आधी पण वाचलेली. मायाला आता घोडबंदर रोडला नोकरी लागली. पगार बरा आहे, पण येते तेव्हा तिच्या तोंडातून शब्द निघत नाही. तरी पुस्तक घेऊन बसायची आणि वाचता वाचता झोपायची. मी वाच म्हटलं की ती वाचणार, नको म्हटलं की तिला लागणार. हरिहरने घाण केली, बरं झालं. मला कारण मिळालं."

मी सुनवायला आणलेले चार शब्द तसेच घेऊन परत आलो. येताना म्हणालो मात्र, की पुढच्या बुधवारी येतो, पहिल्या पुस्तकापासून वाचू.

गेलो. नंतर दर बुधवारी गेलो. मी वाचायचो, ते ऐकायचे, आणि मध्येच हात वर करून म्हणायचे, "थांबा, आता तुम्ही सांगा, कोण?" मी कोणाचं तरी नाव घ्यायचो. ते म्हणायचे, "मुद्दाम चुकताय, मला खेळवताय." मला काय मजा यायची म्हणून सांगू. घरी आलो की नीला खिडकीत बसलेली असायची, आणि मी पेन्शनच्या कार्यालयाला शिव्या द्यायचो. तिचा माणूस मी पळवला होता, तो परत द्यायची माझी इच्छा नव्हती. लाज वाटत होती, पण मन होत नव्हतं.

पाचव्या बुधवारी मायाला सुट्टी होती. जाताना तिने माझा फोन नंबर मागितला, मी कागदावर लिहून दिला. ती जिन्यापर्यंत आली.

"काका, सत्त्याऐंशीचं अक्षर मी आठ वर्षं बघतेय. ते डावीकडे झुकतं. हे तुमचं नाही झुकत."

मी खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.

"कोणाचं आहे?"

"बायकोचं."

"मग त्यांना आणा ना. बाबांना मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा." आणि ती आत निघून गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर नीलासमोर बसलो आणि सगळं ओकलो. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मला तिसऱ्याच बुधवारी कळलं," ती म्हणाली. "विठ्ठल म्हणाला, साहेबांनी हरिहर पहिल्यापासून लावलाय. पेन्शनच्या कामाला कोणी हरिहर घेऊन जातं का? म्हटलं, खुनी स्वतःहून कबूल करतो का बघू." मग तिचा आवाज बदलला. "चारशे बाराकडे जात होतात हे मात्र नव्हतं माहीत. सव्वीस पुस्तकं मी वाचायची आणि बुधवार तुमचे? मी इथे खिडकीत बसलेली दिसत नव्हते तुम्हाला?"

दिसत होती. तेच तर वाईट.

पुढच्या बुधवारी ती जांभळी साडी नेसली, जी माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही नेसली नव्हती. कळव्याला पोचलो आणि मी उभ्या उभ्या चांगदेवरावांना खरं सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "तरीच. एवढे अंदाज चुकतात म्हटल्यावर मला वाटायला लागलेलं, माणूस वयाने खचला." आणि नीलाला हात जोडले. "जय भीम, ताई. चपला तुमच्या नजरेतून कशा सुटल्या ते आधी सांगा."

झालं. दोघं तासभर बोलत होते. मेहुणा, चपला, लंगडा पाय, मेलेली बायको, जुळा भाऊ. नीला तशी खुलली होती, भात गार होईस्तोवर बोलायची तशी. मी स्टुलावर बसून चहाचा कप या हातातून त्या हातात घेत होतो. आतून नुसता जळत होतो, आणि या वेळी माणूस समोर होता, त्यामुळे जास्तच.

मग नीलाने हक्काने पुस्तक घेतलं आणि वाचायला लागली. चांगलं वाचते ती, शाळेत मराठी शिकवायची. दोन पानं झाली, तीन झाली. चांगदेवरावांनी हात वर केला.

"ताई, राग मानू नका. बोलायला तुम्हीच हव्यात, दर बुधवारी या. पण वाचायचं ते त्र्यंबकरावांनीच."

"का हो?" नीलाने विचारलं.

"तुम्हाला खुनी ठाऊक आहे ना. त्याचं नाव आलं की तुमचा आवाज जरासा थांबतो, मला लगेच कळतं. यांना काहीच ठाऊक नसतं. हे वाचतात तेव्हा पुस्तक नवंकोरं वाटतं." ते माझ्या बाजूला वळले. "नंबर खोटा सांगून आले, ते असो, पण मला यांच्या आवाजाची सवय झालीय."

नीलाने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचलं, सावकाश, प्रकरण संपेपर्यंत. एकदाही तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. एरवी माझ्या खांद्यावर हात असतो, आज तिने मागची दांडी धरली होती. मुंब्रा गेलं, शीळफाट्यावर ट्रकच्या मागे अडकलो, तरी शब्द नाही. मी आरशातून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, नजर कुठेतरी लांब.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. त्याला तुमचा आवाज आवडतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मुलांना मी वाचून दाखवलं, आणि त्याला तुमचा आवाज."

आठ वर्षं मी ज्यातून गेलो ते मला न ओळखायला काय झालं? नीला जळत होती, आणि माझ्यावर जळत होती. ट्रक हलला, मी मुद्दाम हळू चालवली, आणि घरी पोचल्यावर तिने आमटीत मीठ टाकलं की नाही तेही मला कळलं नाही.