कयाकमध्ये उठून उभं राहायचं नसतं

ये गं, अशी जवळ ये. कागदावरच ये, दुसरं काय. फोनवर काही सांगायची सोय तू ठेवलीच नाहीस. मी नुसतं म्हणाले, "कयाक उलटली," तर लगेच तुझं सुरू, "जॅकेट घातलं होतं ना? सामान बांधलं होतं ना? नाना कुठे आहेत?" पहिल्याचं उत्तर माझ्या तोंडातून निघेपर्यंत तू रडायलाही लागलीस आणि फोन ठेवूनही दिलास. अशी कशी गं तू? अर्धंच ऐकायचं आणि उरलेलं मनानं वाईट-वाईट जुळवत बसायचं, ही खोड माझी. तू कशाला उचललीस?

नाना समोर अंगणात शेंगा फोडत बसलेत, हे आधी लिहिते. म्हणजे मधेच उठणार नाहीस. आता सगळं ऐक. तुला ठाऊक असलेलंही लिहिणार आहे, नाना म्हणजे तुझे वडील हेसुद्धा, दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळलं पाहिजे ना.

उन्हाळ्यात धुळ्याला नानांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरांनी बारक्या गोळ्यांची एक पट्टी दिली आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "छातीत दुखलं तर एक जिभेखाली ठेवायची, आणि मग सरळ दवाखाना." माझ्याकडे बघून सांगितलं म्हणजे ती पट्टी माझी झाली. तेव्हापासून मी देवाला जाते तरी पट्टी, पिठाच्या गिरणीत जाते तरी पट्टी. झोपेतसुद्धा उशीखाली हात घालून चाचपते.

आणि तुझ्या नानांना आबांनी, तुझ्या मोठ्या काकांनी, शेतात पाऊल टाकायची बंदी केली. बसून बसून माणूस नुसता वैतागला. त्यात तू दिवाळीला गाडीच्या टपावर ती दोघांनी बसायची पिवळी होडी, कयाक, बांधून आलीस. दोघांना आठ दिवस वल्हं मारायला शिकवलंस, गळ, रॉड, सगळं सामान दाखवलंस, आणि जाताना म्हणालीस, "ठेवून जाते, वापरा." बाई, तू ठेवून गेलीस, पण माझा जीव टांगणीला लावून गेलीस.

नाना रॉड हातात धरत नाहीत, माहीत आहे ना तुला. तुझा रॉड मागे शोभेला, आणि हे आपलं लहानपणासारखं गळाचं नायलॉनचं तंगूस बोटाला गुंडाळून बसणार. कणकेच्या गोळ्या मात्र माझ्याकडून मळून घेणार. मी मासे धरायला जातच नव्हते. मी जात होते पट्टी घेऊन. पुढे हे, मागे मी, आणि माझे डोळे यांच्या मानेवर. घाम आला का? खांदा धरला का? एकदा मागे वळून म्हणाले, "अव, मासा पानीमा शे, मना तोंडवर नही."

आता पेटीचं ऐक. पट्टी ठेवायची कुठे? यांच्या खिशात ठेवली तर वाकताना पडेल. माझ्याकडे ठेवली तर पाण्यानं भिजेल. म्हणून तुझ्या त्या गळाच्या केशरी पेटीत ठेवली. तूच म्हणालीस ना, हिच्यात थेंब जात नाही. नाहीच जात. पण तू आणखी एक सांगितलं होतंस, की पाण्यावर प्रत्येक वस्तू कयाकला दोरीनं बांधायची. मी बांधली गं. भाकरीचा डबा बांधला. तीन गाठी मारून बांधला. पेटी म्हटलं पायाशीच तर आहे.

माझं तरंगायचं जॅकेट माझ्या अंगात होतं. नानांचं नानांच्या बुडाखाली. पाठीला बरं वाटतं म्हणे.

आणि आबांचं. तुझे आबा म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं एका अंगणात गेली, पण मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते, आणि तेही माझ्याशी नाही. भांडण नाही, काही नाही. आमच्या वेळची रीतच ती. ते आले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि बसले असू तिथून उठायचं. निरोप सगळे तुझ्या तोंडून. "पोरी, आईला सांग, उद्या कापूस वेचायला बाया येणार." मी दाराआडून ऐकलेलं असायचं, तरी तू पळत येऊन पुन्हा सांगायचीस, आणि दोन्हीकडून गुळाचा खडा घ्यायचीस. तू पुण्याला गेलीस आणि निरोप अडकले. नानांकडे दिलेला निरोप म्हणजे अर्धा वाटेतच सांडतो.

आबांची पाण्याची मोटर नदीकाठी आहे. आम्ही मासे धरायला निघालो की ते बरोबर मोटर बघायला येणार. मी मनातल्या मनात चिडायची. ही मोटर काय आमचा दिवस बघून बिघडते? कारण ते काठावर आले की मला पदर पुढे ओढून बसावं लागायचं, आणि पदराच्या कडेनं नानांचं तोंड धड दिसायचं नाही.

त्या दिवशी सकाळी दहा-साडेदहा झाले असतील. वारा नव्हता. बंधाऱ्यात अडवलेलं तापीचं पाणी नुसतं ताटासारखं. आम्ही काठापासून फार लांब नव्हतो, मोटरचा पाइप दिसत होता. तेवढ्यात यांच्या बोटाचं तंगूस खसकन ओढलं गेलं. "मोठा शे! मोठा शे!" असं ओरडून हे उजवीकडे झुकले. माझं लक्ष माशाकडे नाही, यांच्या गळ्याच्या शिरेकडे. कशी तटतटली होती. मनात म्हटलं, सोडा तो मासा, सोडा. आणि त्याच वेळी काठावर, बाभळीच्या पलीकडून, पांढरी टोपी वर आली.

हसू नकोस. मी उठले.

कयाकमध्ये सरळ उठून उभी राहिले गं. एका हातानं पदर ओढला आणि उभी राहिले. गुडघ्यांनी मला विचारलंच नाही.

पुढचं काय सांगू. आभाळ आडवं झालं. नाकातोंडात पाणी, आणि कानापर्यंत चढलेलं ते जॅकेट. डोळे उघडले तर समोर कयाकचं पिवळं पोट, आणि नाना नाहीत. इकडे बघते, नाहीत. तिकडे बघते, नाहीत. तुझे नाना तापीत पोहून वाढलेले, हे मला माहीत आहे, पण ती जाळीच्या आधीची गोष्ट. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर तेवढ्यात यांचं सगळं दिवसकार्य दिसून गेलं. मग कयाकच्या पलीकडून डोकं वर आलं. चष्मा गेलेला, तोंडातून पाणी उडवताहेत. मागून येऊन त्यांनी माझं जॅकेट धरलं आणि ढकलायला लागले. मी पाय झाडतेय, तर म्हणतात, "पाय नको मारू, माले लागी राह्यनं."

आबांनी मोटरची दोरी फेकली. ती धरून आम्ही गाळाला लागलो. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले, आणि मग कळलं की पदर कुठल्या कुठे गेलाय, केस सुटलेत, साडी अंगाला चिकटलीय. आबांनी बघितलं, आणि लगेच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. चांगल्या मनानं गं. त्यांचीही रीत तीच ना.

नाना गाळातच बसले. हात छातीवर.

"काय होतंय?"

"काही नही."

"खरं सांगा."

माझं मनगट धरलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "कोनी पट्टा आवळी राह्यनं असं वाटस."

मी पेटीसाठी वळले. केशरी कोपरा दिसला. वीसेक हात लांब, हळूहळू चालला होता, घाईसुद्धा नव्हती त्याला. उलट्या कयाकला भाकरीचा डबा मात्र घट्ट लोंबत होता. तीन गाठी.

काठावर एकच माणूस, आणि त्याची आमच्याकडे पाठ. हाक मारायची तर काय म्हणून मारू? माझ्याकडे त्यांच्यासाठी शब्दच नव्हता. चाळीस वर्षांत लागलाच नव्हता. खोटं नाही सांगत, मी आजूबाजूला तुलाच शोधलं. "पोरी, आबांना सांग," असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

मग तुझीच हाक उसनी घेतली. "आबा!"

त्यांनी वळून बघितलं नाही. शेताकडे मान केली. माझा मोठ्यानं काढलेला आवाज त्यांनी कधी ऐकला होता म्हणून ओळखतील?

"आबा, अहो इकडे बघा! गोळी वाहून गेली! यांच्या छातीत दुखतंय!"

तेव्हा वळले. आणि मग तो पंचाहत्तरीचा माणूस चपलांसकट गाळात कसा धावला ते मी बघितलंय. हात आधीच सदऱ्याच्या खिशात. "शे, शे, मना खिसामा शे!" तंबाखूची पिशवी असते तशी प्लॅस्टिकची पिशवी, तिला रबर गुंडाळलेलं. आत तीच पट्टी. तेच औषध, तोच रंग. त्यांच्या बोटांना रबर सुटेना, मी दातांनी तोडलं. गोळी नानांच्या जिभेखाली ठेवली.

मग आम्ही दोघं दोन बाजूंना, मध्ये नाना. आबा घड्याळाकडे बघत होते आणि मी छातीकडे. डोक्यावर पदर नव्हता, पण तेव्हा तो आठवलाही नाही. हळूहळू नानांच्या ओठांचा राखेसारखा रंग उतरला. पहिलं वाक्य काय बोलले? "मासा गया."

तरी दवाखाना करायचाच होता. आबांच्या मोटरसायकलवर पुढे आबा, मध्ये नाना आणि मागून नानांना घट्ट धरून मी, अशी आमची वरात शिरपूरला. रस्त्यानं अख्खं गाव बघत होतं. डॉक्टरांनी हृदयाचा कागदी आलेख काढून बघितला. गोळी वेळेवर दिली ते बरं केलं म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

बाहेरच्या बाकावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी. बऱ्याच वेळानं ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "धाकली, तू उभी कसाले राह्यनी व?"

मीही भिंतीलाच सांगितलं, "तुम्ही आलात म्हणून."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "मी मोटरसाठे नही येत व्हतू. गोयी लिसन येत व्हतू. तुले सांगानं व्हतं. पन सांगू कोनजोडे? पोर ते पुनाले."

म्हणजे मोटर नव्हतीच, गोळी घेऊन येत होते. महिनाभर दोन माणसं एकाच माणसावर नजर ठेवून होती, दोघांकडे तीच गोळी, आणि एकमेकांना सांगायला मध्ये कोणी नाही. नर्सनं आत बोलावलं म्हणून बरं झालं.

तर आता तुझं सामान. पेटी सापडली नाही. आबा चार दिवस काठानं खालपर्यंत फिरून आले. रॉड गेला, नानांच्या डोक्यावरची तुझी टोपी गेली, नानांचा चष्मा गेला. वल्हं एका गुराख्याकडे मिळालं, तो त्यानं म्हशी हाकत होता. कयाक लिंबाखाली पालथी घालून ठेवलीय. डॉक्टरांनी तीन महिने पाणी बंद सांगितलंय, पण तुझे नाना रोज तिच्याभोवती एक चक्कर मारतात, आणि मी दारातून मोजते. गोळ्यांच्या आता तीन पट्ट्या आहेत. एक माझ्याकडे, एक आबांकडे, एक नानांच्या गळ्यात पिशवी शिवून घातलीय. तरी पहाटे जाग येते आणि मी छातीवर हात ठेवून बघते. "जित्ता शे, झोप," म्हणतात.

आबा आणि मी बोलतो आता. म्हणजे ते अंगणात येतात, मी सवयीनं उठते, ते "बठ, बठ" म्हणतात, मी अर्धी बसते. "मोटर बंद कराले सांग." "हो." एवढं झालं की संपलं. मग दोघं दाराकडे बघत राहतो. चाळीस वर्षांचं बोलायचं साठलंय आणि सुरुवात कुठून करावी ते दोघांनाही येत नाही. नाना शेंगा खात मजा बघतात.

म्हणून म्हणते, ये. सामान आणू नकोस, नवी पेटी तर मुळीच नको. तीन महिने संपायच्या आत ये, कारण नंतर यांना मी एकटी अडवू शकणार नाही. अंगणात आम्हा दोघांच्या मध्ये येऊन बस. गूळ काढून ठेवते.