शेजारच्या कार्डावरचा दहा

"गुरुजी, सात आणि आठ यांतला फरक पोरांना शिकवता ना?"

पंचांनी माईकवरून विचारलं. हॉल हसला. मीही हसलो. ही माझी जुनी खोड. माझ्यावर हसायचं असलं की पहिला मीच.

चूक माझीच होती. सात नंबरवर उभा राहून मी आठ नंबरच्या कार्डावर छर्रा मारल्ता. तोही बराबर मधोमध. पूर्ण दहा गुण. दोन वर्षं दर रविवारी मंठ्याहून जालन्याच्या नेमबाजी क्लबात येत होतो, असा दहा कधी बसला न्हाई. बसला तो दुसऱ्याच्या कार्डावर. लगेच बंदूक खाली ठेवली, हात वर केला.

"साहेब, आठवरचा छर्रा माझा. मला शून्य द्या."

नियमच तसा आहे. मारणाऱ्याला शून्य, अन् तो छर्रा दुसऱ्याच्या हिशोबात धरायचा न्हाई. आठ नंबरवर क्लबच्या अध्यक्षांचे चिरंजीव. त्यांनी तोवर एकही छर्रा मारला नव्हता, चष्मा पुसून राह्यल्ते. पंचांनी ते पाहिलं, मान हलवली.

मॅच संपली. प्रत्येकाला दहाच छर्रे, पण चिरंजीवांच्या कार्डावर छिद्रं अकरा. पंचांनी त्यातून वगळला त्यांचा पाच. माझा दहा ठेवला. मला शून्य कायम. चिरंजीव पहिले आले.

आमच्या क्लबात आपल्या कार्डावर आपली सही करायची, अन् शेजाऱ्याच्या कार्डावर साक्षीदार म्हणून. चिरंजीवांचं कार्ड माझ्यापुढे आलं.

"साहेब, यातला दहा माझा आहे," मी पंचांना म्हणालो.

"तुझा?" चिरंजीव म्हणाले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "सवलतीत नोकरी मिळते, गुरुजी. दहा न्हाई मिळत."

अध्यक्षांनी सहीची जागा बोटानं दाखवली. "कर जल्दी. न्हाईतर रविवारपासून येऊ नको."

राग आला न्हाई. काहीच आलं न्हाई. ट्रिगरचं बोट तेवढं बधिर झाल्तं. 'आमचे जयभीमवाले निशाणेबाज' अशी माझी ओळख अध्यक्ष करून द्यायचे, तेव्हा मी हसायचो. चहाचा कप माझा तेवढा कागदी असायचा, त्यावरही विनोद मीच करायचो. त्यांना फार मेहनत पडूच दिली न्हाई मी.

माझ्या कार्डावर, शून्याखाली, सही केली. त्यांचं कार्ड बिनसहीचं परत सरकवलं. पेन खिशाला लावला.

शून्य माझं. दहाही माझाच.

रविवारी जाणार आहे. सात नंबरवरच उभा राहणार. पुन्हा चुकलो तर पुन्हा हात वर करणार. त्यांच्यासोबत हसणार मात्र न्हाई.