नव्वदचे साठ

मी खोटं बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी लातूरच्या हॉलमध्ये तसंच दिसणार होतं.

कंधारच्या आमच्या जिममध्ये मी एकटीच मुलगी. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सरळ अट घातली होती. "लातूरच्या स्पर्धेत काही उचलून आलीस तर जिम चालू. न्हाई तर बंद." डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायच्या प्रकाराच्या, फॉर्मवर पहिल्या प्रयत्नाचं वजन लिहिताना आमचे उस्ताद जराही अडखळले नाहीत. नव्वद किलो. दोन्ही बाजूंना पंचेचाळीसची एकेक प्लेट लावून मी रोज उचलत होतेच की! रॉड आमच्याकडे कुणी मोजत नसे. "रॉड तो घर का हाय, उसकू क्या गिनना," हा उस्तादांचा कायदा.

लातूरला वॉर्म-अपच्या जागी निळ्या प्लेटा होत्या, वीस किलोच्या. एक उचलून रॉडला लावायला गेले आणि थबकले. हाताला ती ओळखीची वाटली. आमच्या पंचेचाळीसइतकीच जड.

दोन्हीकडे वीस-वीस लावून ओढलं. पाठीला रोजचाच ताण, पायांना रोजचाच. आमच्या प्लेटा उस्तादांनी हैदराबादच्या एका बंद पडलेल्या जिममधून आणल्या होत्या. त्यांना इतक्या वेळा काळा रंग फासला होता की आकड्याखालची अक्षरं पार बुजून गेली होती. ते किलो नव्हतेच, पौंड होते. पंचेचाळीस पौंड म्हणजे वीस किलो आणि थोडंसं वर. दोन प्लेटांचे चाळीस, रॉडचे वीस. माझं नव्वद म्हणजे साठ.

स्वतःचाच संताप आला. आमच्या घरी युरियाचं पोतं येतं ते पंचेचाळीस किलोचं. ते कवेत घेतलं की माझी कंबर बोलते. आणि पंचेचाळीसची प्लेट मी रोज एका हातानं उचलून जागेवर ठेवत होते. मला एकदाही शंका येऊ नये?

पहिली फेरी सुरू होण्याआधी आकडा एकदाच बदलता येतो. फेरी सुरू झाली की वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. नव्वदवर तिन्ही प्रयत्न फसले की शून्य, आणि शून्य म्हणजे घरी बसणं. माईकवरून शेवटची पाच मिनिटं पुकारली.

"उस्ताद, आकडा बदला. साठ करा."

"बावळी झालीस का? साऱ्या कंधारात नव्वद सांगून आलोय. हिंमत कर, निघतंय."

"निघणार न्हाई. आपल्या प्लेटा पौंडाच्या हायत."

त्यांनी निळ्या प्लेटेकडे पाहिलं. मग ती उचलली आणि हातात तोलून पाहिली.

"म्हंजे आपली पोरं दीडशे मारून राहिलीत, ते?"

"ते बी न्हाई."

चेहरा असा उतरला की मला कसंतरी झालं. पण ते आकडे नोंदवायच्या टेबलाच्या वाटेतून हलेनात, आणि मिनिटं संपत होती. ज्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्यांना बाजूला सारून मी गेले.

"साठ? एकदम तीस कमी?" टेबलावरच्या बाई मोठ्यानं म्हणाल्या. मागच्या रांगेतल्या मुली फिदीफिदी हसल्या.

"साठच लिहा, मॅडम."

नाव पुकारलं. साठ निघालं. मग पासष्टही. सत्तर गुडघ्यापर्यंत आलं आणि सुटलं. नंबर वगैरे काही आला नाही.

परतीच्या एसटीत उस्ताद शेजारी बसले होते. अप्पांचा फोन आला.

"किती?"

"पासष्ट."

"नव्वद म्हणली होतीस."

सगळं सांगितलं. पौंड, रंग, रॉड. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"पासष्ट म्हंजे युरियाचं पोतं अन् वर वीस किलो," अप्पा म्हणाले. "ते घेऊन सरळ उभी राहिलीस?"

"हाव."

"मंग औंदा खत उतरवायला गडी लावत न्हाई मी. सकाळी जिम करून ये अन् लाग पोत्यांना."