नरम टोकाची काडतुसं

तार अंजनगावला आली आणि पोस्टमन सायकल मारत थेट आमच्या वावरात आला. कापसाची वेचणी चालली होती. बायांच्या सोबतीनं मीही एक ओळ धरली होती, ओटी भरत आली होती. त्यानं तार वाचून दाखवली. नामदेव पाटील अकोल्यात वारले, मयत घेऊन येतो. एवढंच. नामदेव म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. बाया थांबल्या, एकीनं तिथंच गळा काढला. आणि मी? मी धरलेली ओळ धुऱ्यापर्यंत, वावराच्या कडेपर्यंत पुरी केली, ओटी रिकामी केली, पदर झटकला आणि मग घराकडे निघाले. पुढं बायांनी गावभर सांगितलं, पाटलीण लय धीराची. कसला धीर बापा! हात चालत होते, त्यांना थांबवायचं असतं हेच सुचलं नाही. आता महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, रडतात, मी त्यांना चहा करून देते. मला रडू येत नाही. वाचणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण जे आहे ते असं आहे...

भाऊजी अकोल्याला गेले होते ते काडतुसं आणायला. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीच्या परवान्याची रायफल होती, तीनशे पंधरा बोअरची. माणूस मुळात फौजी. ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आले आणि भावाच्या हाताखाली वावरात राबायला लागले. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "वहिनी, माही भाकर जड झाली असन तं तसं सांगा, उगाच त्या पोरीले काहून मधात आणता?" मी आपली भाकरी थापायची.

परवाना मिळाला त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. हरणांचा कळप हरभऱ्यात शिरला आणि भाऊजींनी एका काळविटावर गोळी घातली. फौजेत वापरायचे तसलीच काडतुसं त्यांनी आणली होती, कडक टोकाची, म्हणजे गोळीला टोकापर्यंत तांब्याचं कवच. गोळी लागली हे आम्ही धुऱ्यावरून पाहिलं. पण जनावर पडलं नाही. उधळलं ते नाल्यापलीकडे दिसेनासं झालं. भाऊजी रक्ताच्या थेंबांमागं गेले ते दुसऱ्या दिवशी परत आले, रिकाम्या हातानं. हरीण सापडलं होतं. पण त्यांच्या आधी ते कुत्र्यांना सापडलं होतं, आणि तेव्हा ते जिवंत होतं. एवढं सांगून ते न जेवता गोठ्यात जाऊन बसले.

तेव्हापासून त्यांनी नरम काडतूस धरलं. त्याच्या टोकाला शिसं उघडं असतं. कडक गोळी आरपार जाते आणि जनावर भोक घेऊन पळतं. नरम गोळी आत शिरली की फुलते, जनावर उभ्या जागी बसतं. मी एकदा विचारलं, मग फौजेत कडक का देतात? तर म्हणाले, "वहिनी, लढाईत माणूस जखमी झाला तं त्याले उचलाले दोघं लागतात. तीन माणसं कामातून गेले ना! हरणाले कोन उचलते?"

आमची भांडणं व्हायची ती मटणावरून. सासूबाईंना घरात खपत नसे, म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडायची आणि मी शिजवायची. नरम गोळीनं खांद्याचा पार चेंदा व्हायचा, रक्त साकळून सगळं काळं पडायचं. मी चिडायची. "भाऊजी, अर्धं जनावर तुमी वायाच घालवून राहिले. आता मी शिजवू काय, शिंगं?" ते हसून म्हणायचे, "रस्सा वाढवा न् वहिनी. जागीच बसलं ते, तेवढं पाहा." आमच्या यांनाही ते खांद्याचं जाणं फार लागायचं. कडक गोळी घातली असती तर मांस कसं स्वच्छ राहिलं असतं, हे वाक्य प्रत्येक जेवणात एकदा तरी व्हायचंच.

एकदा अमरावतीचे एक वकील बाराबोर घेऊन आले. पिशवीभर मोठे छर्रे भरलेली काडतुसं, सोबत दोन मित्र, उत्साह म्हणजे विचारू नका. भाऊजींनी त्यांना बंदूक खोळीतून काढूच दिली नाही. "साहेब, कळपात छर्रे फेकले तं एक पडते अन् तीन लंगडत जातात. तुमी चहा घ्या अन् चारची गाडी पकडा." माणूस असा तोंडावर बोलायचा. आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट, गोळीला अडवायला ना टेकडी ना बांध. हरणापलीकडच्या वावरात बाया असतात, त्यांच्या मागच्या वावरात आणखी कोणी. आरपार गेलेली गोळी कुठं थांबेल ते देवालाच ठाऊक. "हरणाच्या मांगं कोणाची माय निंदून राहिली, हे हरणाले माहीत नसते," असं म्हणून अर्ध्या वेळा ते रायफल खाली घ्यायचे आणि हुर्र हुर्र करत कळप हाकलायचे. गावातली पोरं त्यांना हसायची.

चीनच्या लढाईनंतर काडतुसं मिळेनाशी झाली. यंदा तर त्यांच्याजवळची नरम संपली ती संपलीच. अमरावतीत नाहीत, अचलपुरात नाहीत. लोखंडी पेटीत जुनी कडक तेवढी पडून होती. आणि नेमका यंदाच हरणांचा कळप मोठा. कापूस बोंडअळीनं निम्मा गेलेला, सगळी भिस्त हरभऱ्यावर, आणि रोज सकाळी जाऊन पाहावं तर एक पट्टा साफ. गावात म्हणायला लागले, फौजी माळकरी झाला. हे यांच्या फार जिव्हारी लागायचं.

शेवटी एके दिवशी जेवताना भडका उडाला. हे म्हणाले, "गोळी ते गोळी! पेटीत राउंड पडले हायेत, अन् तू नरम नरम करून राहिला. तुह्यानं होत नसन तं टाक ते रायफल विहिरीत."

"दादा, अकोल्यात एकाकडं हायेत म्हणते. मले दोन दिवस दे."

"अन् तवरोक काय त्यायले पाटावर बसवून जेवू घालू? एक सांगून ठेवतो नामा, हा हरभरा गेला ना, तं वाटणी. तू तुह्या वावरात हरणं पाळ, मी माह्यात पीक घेतो."

वाटणी हा शब्द आमच्या घरात कधीच कोणी उच्चारला नव्हता. भाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला. उठून हात धुतले. सकाळी पहिल्या मोटारीनं निघाले तेव्हा चेहरा उतरलेला होता, डाव्या हातानं सारखी छाती चोळत होते. मी म्हटलं, आज नका जाऊ. तर म्हणाले, "घर फुटाले नाही पाहिजे वहिनी. आणतोच." भाकर बांधून दिली ती घेतली आणि गेले.

अकोल्याचा तो दुकानदार म्हातारा होता, परवान्यावरचा पत्ता पाहून तार त्यानंच केली होती. भाड्याच्या जीपमध्ये मयतासोबत तो स्वतः आला. मला म्हणाला, "बहेनजी, एकेक राउंड अंगठा लावून पाहिला त्यांनी. दोन परत केले, टोक घासलंय म्हणून. बाकीचे बांधून घेतले. मग म्हणाले, छातीत भरून आलं, जरा बसतो. मी पाणी आणेपर्यंत बाकावर कलंडलेच होते." आणि त्यानं ते पाकीट माझ्या हातात दिलं. भाऊजींच्या भाकरीचं फडकंही दिलं. भाकर तशीच होती.

आमचे हे त्या दिवसापासून फारसं बोलत नाहीत. रडले नाहीत, कोणावर ओरडले नाहीत. कळप अजून येतो. आता त्याला कोणी हाकलत नाही, मग तो दिवस चांगला वर येईपर्यंत आरामात चरतो. हे धुऱ्यावर उभे राहून नुसते पाहतात. अर्ध्याहून जास्त हरभरा गेला. वाटणी मागायला आता समोर कोणीच नाही...

परवाना भाऊजींसोबत संपला, म्हणून गेल्या आठवड्यात रायफल आणि काडतुसं ठाण्यात जमा करायला गेलो. बाईमाणसाचं तिथं काम नव्हतं, पण यांना एकटं पाठवायला मन घेईना. हवालदार चांगला होता बिचारा. त्यानं रायफल तपासली, पेटीतली जुनी कडक काडतुसं एका पिशवीत ओतली, आणि अकोल्याचं पाकीट फोडून तीही त्यातच टाकली.

"थांबा!" हे एकदम म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा एवढा मोठा आवाज.

त्यांनी पिशवी ओढून घेतली, ठाण्याच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि सगळी काडतुसं समोर ओतली. मग एकेक उचलून, टोकावरून अंगठा फिरवून दोन ढीग लावायला लागले.

"पाटील, अहो एकाच कोठीत जमा होतात ते. येगळे काहून करून राहिले?"

"त्याले चालत नव्हतं," हे म्हणाले. मान वर केली नाही.

मी बाजूला उभी होते. यांचे डोळे भरून आले होते, समोरचं दिसत नव्हतं. एक काडतूस बराच वेळ हातात धरून बसले. मग ते माझ्यापुढं केलं. "पाह्य बरं वं. हे नरमच हाये ना? माह्या बोटाले काही समजून नाही राहिलं."

मी घेतलं. टोकाला करडं शिसं होतं.

"नरमच आहे," मी म्हटलं, आणि यांच्याजवळ ओट्यावर बसून उरलेल्या काडतुसांना हात घातला.